‘पंक्चरवाल्यां’चा कान

जुन्या गाडीतून नवा आवाज येऊ लागला की माणसं साधारण दोन प्रकारे वागतात. काही जण टेपचा आवाज वाढवतात. काही जण घाबरून गाडी विकायला काढतात. आवाज नीट ऐकून घ्यावा, तो काय सांगतोय ते समजून घ्यावं, हा तिसरा मार्ग फार थोड्यांना सुचतो.

हा लेख त्या तिसऱ्या मार्गाबद्दल आहे. आणि ज्यांच्यामुळे तो मार्ग अजून शिल्लक आहे, त्या माणसांबद्दलही. प्रत्येक शहराच्या बाहेरच्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये, काळ्या झालेल्या हातांनी ती काम करत असतात. त्यांतले बरेच जण मुसलमान असतात. समाजात त्यांना ‘मेकॅनिक’ म्हणतात, गॅरेजवर ‘मिस्त्री’ किंवा ‘उस्ताद’ म्हणतात, आणि हल्ली सोशल मीडियावर सगळ्यांना मिळून ‘पंक्चरवाले’ म्हणतात. या शेवटच्या शब्दाकडे मी पुढे येणारच आहे. आधी आवाजाचं बोलू.

माझी गाडी २००९ सालची, पेट्रोलवर चालणारी, पाच गिअरची साधी हॅचबॅक आहे. गेल्या वर्षी ताशी पन्नासच्या पुढे गेलं की तिच्यातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. लांबून विमान जावं तसा. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली. तासाभराने एक तरुण टॅब घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, “सर, गिअरबॉक्सचा आवाज आहे. खाली उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल.” अंदाज एकेचाळीस हजारांचा. त्याबरोबर एक प्रेमळ सल्लाही होता: एवढा खर्च करण्यापेक्षा एक्स्चेंज ऑफर बघा.

मी गाडी परत आणली आणि मिरजेतल्या एका उस्तादांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आमच्या दखनीत एवढंच म्हणाले, “आवाज कब आता सो बोलो. कां से आता, मैं देखतूं.” मग प्रश्न सुरू झाले. गाडी उभी असताना रेस दिली तर येतो का? नाही. गिअर बदलला की बदलतो का? नाही. क्लच दाबला तर? तसाच राहतो. उजवीकडे वळताना? इथे मी थांबलो, कारण हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. आम्ही मोकळ्या रस्त्यावर गेलो. उजवीकडच्या लांब वळणावर आवाज वाढला, डावीकडच्या वळणावर जवळजवळ गेला. गाडी उजवीकडे वळली की तिचा भार डाव्या चाकांवर येतो. पुढचं डावं चाक जॅकवर उचलून उस्तादांनी एका हाताने फिरवलं आणि दुसरा हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवला. मलाही ठेवायला लावला. स्प्रिंगमध्ये बारीक खरखर जाणवत होती, जात्यात खडा सापडावा तशी. डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. मजुरीसकट तीन हजारांच्या आत काम झालं. गिअरबॉक्स आजही जागच्या जागी आहे.

सर्व्हिस सेंटरमधला तो तरुण खोटारडा होता, असं मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे एका दिवसात उरकायच्या गाड्यांची रांग होती, आणि गाडी चालवून बघणारा एक, काम करणारा दुसरा, गिऱ्हाइकाशी बोलणारा तिसरा, अशी तिथली रचना आहे. आवाज ज्याने ऐकला त्याची आणि माझी भेटच होत नाही. निदान करायला वेळ लागतो आणि त्या वेळेचं बिल लावता येत नाही. पार्ट बदलला की बिल होतं. दोष या हिशेबाचा आहे.

आवाज कधी येतो?

उस्तादांच्या त्या एका वाक्यात अख्खी विद्या आहे. गाडीचा आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो कधी येतो हे ठरवायचं. लोखंडी सांगाड्यातून आवाज प्रवास करतो; मागच्या चाकाचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो. कान जागेच्या बाबतीत फसतो, वेळेच्या बाबतीत सहसा फसत नाही.

पहिली विभागणी सोपी आहे. आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. आवाज आला तर तो इंजिनचा, त्याच्या पट्ट्यांचा किंवा क्लचच्या बाजूचा. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालत्या गाडीत येतो, गिअर कुठलाही असो, तर चाकं, बेअरिंग, टायर, ड्राइव्ह शाफ्ट किंवा डिफरन्शियल यांच्याकडे बघायचं. टायर एका बाजूने झिजले असतील तर तेही बेअरिंगसारखेच घुमतात. पुढचे टायर मागे टाकून बघा; आवाज मागे गेला तर तो टायरचा. एवढ्या एका अदलाबदलीने कित्येकांचे पैसे वाचले असतील.

दुसरा प्रश्न: इंजिन थंड असताना की गरम असताना? सकाळी सुरू केल्यावर बारीक टिकटिक येते आणि गरम झाल्यावर जाते, तर टॅपेट बघावेत, किंवा सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची गॅस्केट. गॅस्केट थोडी फाटली असली की थंड असताना फटीतून वायू टिकटिक करत निघतो आणि धातू तापून फुगला की फट बंद होते. थंड असताना डबडबल्यासारखा बोदा आवाज आणि मग शांतता, हे झिजलेल्या पिस्टनचं लक्षण असू शकतं. अशी गाडी तेल बघत बघत बरीच वर्षं चालते. टायमिंग चेन असलेल्या इंजिनात सुरू होताना दोन-तीन सेकंद साखळी हलवल्यासारखी खडखड आली तर मात्र टाळाटाळ करू नये. चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. तो सैल पडला की एक दिवस चेन दात सोडते.

तिसरा प्रश्न भाराचा. खंबाटकीच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये रेटत नेली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, तो बहुतेकांनी ऐकलेला असतो. हे इंजिनचं नॉकिंग. इंधन वेळेआधी किंवा एकदम पेटतं. गिअर खाली टाकला की आवाज थांबतो. थांबला नाही तर कार्बन, स्पार्कचं टायमिंग, अति तापलेलं इंजिन, हे सगळं तपासावं लागतं.

आणि एक आवाज असा आहे, की तो ऐकल्यावर विचारत बसायचं नाही. इंजिनच्या पोटातून, खालून, भार पडला की येणारा जड ठक-ठक-ठक. रेस वाढवली की तो वाढतो. सोबत ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर मग बोलायलाच नको. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं आहे. गाडी तिथेच बंद करायची आणि टोचन करून न्यायची. ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ म्हणून ती चालवत नेणं म्हणजे बेअरिंगच्या खर्चात क्रँकशाफ्टचा खर्च मिळवणं.

पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर मांजरावर पाय पडल्यासारखी किंचाळी येते, ती बहुधा अल्टरनेटरच्या पट्ट्याची. चालत्या पट्ट्यावर लांबून थोडं पाणी शिंपडलं आणि आवाज बदलला, तर दोष पट्ट्यात किंवा त्याच्या ताणात. काहीच फरक पडला नाही आणि आवाज सलग गुरगुरता असेल, तर पुली किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग. ते कुठलं, हे ठरवायला उस्ताद लांब पेचकस घेतात, टोक एका हाउसिंगवर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. डॉक्टर छातीला नळी लावतो तसंच. एका जागी गुळगुळीत सरसर ऐकू येते, दुसऱ्या जागी वाळू. फिरत्या पंख्याजवळ, ओढणी-रुमाल गळ्यात असताना हे घरी करू नये, हे सांगायला हवं. ऐकण्याच्या नादात बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

क्लचचं पेडल हेच तपासणीचं हत्यार

गिअरबॉक्सच्या आवाजाला लोक सगळ्यांत जास्त घाबरतात, कारण तो उघडायचा म्हटलं की मजुरीच मोठी असते. म्हणून तो उघडण्याआधी जेवढं ऐकता येईल तेवढं ऐकावं.

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लचवर पाय नाही आणि घरघर येतेय. पेडल दाबलं की घरघर थांबते. याचा अर्थ, क्लच दाबल्याने जो भाग फिरायचा थांबला, आवाज त्याचा होता: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. आता उलट बघा. पाय काढलेला असताना शांतता आणि पेडल दाबलं की चिरचिर. दाबल्यावर ज्याच्यावर भार आला, तो दोषी: रिलीज बेअरिंग. दोन्ही कामांसाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो हे खरं, पण एकात तो उघडावा लागतो आणि दुसऱ्यात नाही. बिलात हजारोंचा फरक पडतो, आणि हा फरक पायाच्या एका हालचालीने कळतो. ना वीज लागते, ना इंटरनेट.

फक्त तिसऱ्या गिअरमध्येच रडल्यासारखा आवाज येतो, बाकी शांत, तर तिसऱ्याचे दाते बघायचे. सगळ्याच गिअरमध्ये येतो, तर आधी गिअर ऑइल बघायचं. एक्सलच्या सीलमधून थेंब थेंब तेल गळत राहतं आणि वर्षानुवर्षं कुणी ते बघत नाही, कारण इंजिन ऑइलसारखी त्याला काडी नसते. दुसरा गिअर टाकताना करकर येते, तर त्याची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याची शक्यता मोठी. पण सगळेच गिअर करकरत पडत असतील तर गिअरबॉक्सला बोल लावण्याआधी क्लच पूर्ण सुटतोय का ते बघावं. कधीकधी नुसती केबल ताणलेली असते. वेग कमी-जास्त करताना किंवा क्लच सोडताना ‘धप्प’ होतं, ते पुष्कळदा इंजिनच्या फाउंडेशनचं रबर फाटल्यामुळे. आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की कट-कट-कट वाजतं, तो ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्याच्यावरचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडून जातं, धूळ आत शिरते. बूट काहीशे रुपयांचं असतं, जॉइंट हजारांचा. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर जॉइंट अजून वाजला नसला तरी आताच बूट बदलावं.

हे सगळं मी इतक्या तपशिलात लिहिलं, कारण या ज्ञानाला आपण ज्ञान मानतच नाही. वरचे परिच्छेद पुन्हा वाचून पाहा. लक्षणं गोळा करणं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं, जे टिकत नाही ते बाद करणं, उरलेल्यावर बोट ठेवणं. प्रयोगशाळेत याला वैज्ञानिक पद्धत म्हणतात. गॅरेजमध्ये तिला ‘अंदाज’ म्हणतात.

स्कॅनरचा कान

‘आता सगळं कॉम्प्युटरवर कळतं,’ असं लोक म्हणतात. काही प्रमाणात ते खरं आहे. भारतात २०१०-१३ या काळात ओबीडी यंत्रणा टप्प्याटप्प्याने गाड्यांत सक्तीची झाली. स्कॅनर लावला की कुठल्या सेन्सरची तक्रार आहे ते कळतं. कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय ते कळतं. ज्याने हे यंत्र वापरायचं नाकारलं, तो मिस्त्री मागे पडला, आणि ते योग्यच झालं.

पण स्कॅनर सेन्सरचं ऐकतो, आणि सेन्सर जिथे आहे तिथलंच त्याला कळतं. चाकाच्या बेअरिंगची खरखर सांगणारा सेन्सर साध्या गाडीत नसतो. फाटलेल्या फाउंडेशनला नसतो. झिजलेल्या सिंक्रो रिंगला नसतो. रिलीज बेअरिंगला नसतो. गंमत म्हणजे गाडीला एक खरोखरचा कान असतो, त्याला नॉक सेन्सर म्हणतात. इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला तो छोटासा भाग कंपनं ऐकतो. पण त्याला एकच शब्द कळतो, नॉकिंग. बाकी सगळी भाषा अजून माणसाच्या कानासाठी राखून ठेवलेली आहे.

आणि ही भाषा आपल्या मराठीत केवढी आहे! टिकटिक, कटकट, खडखड, खरखर, घरघर, गुरगुर, करकर, किरकिर, सुंसुं, फसफस. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या दोषाकडे बोट दाखवतो. ‘आवाज येतोय’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा ‘थंडीत टिकटिक करते आणि नाक्यापर्यंत गेलं की थांबते’ असं सांगणारं गिऱ्हाईक मिस्त्रीचा अर्धा तास वाचवतं.

मिरजेतले दोन कान

मिरज हे वाद्यांचं गाव. इथल्या शिकलगार घराण्यांचे पूर्वज हत्यारं घडवायचे, धार लावायचे. हत्यारांचे दिवस संपले तशी ती माणसं सतार-तानपुऱ्याकडे वळली. लोखंडावरचा हात भोपळ्यावर आणि लाकडावर बसला. तानपुऱ्याची जवारी काढणं म्हणजे ज्या पट्टीवरून तार जाते, तिचा पृष्ठभाग केसाएवढा घासून तारेला हवा तसा झंकार आणणं. तिथे मोजमाप नाही. कान सांगेल तिथे थांबायचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

आता त्याच मिरजेत, थोड्या अंतरावर, दुसरा एक कान आहे. तो पेचकसाच्या मुठीतून बेअरिंग ऐकतो. त्याचीही विद्या गुरूकडून शिष्याकडे, हातातून हातात, कानातून कानात आलेली आहे. त्याचंही मोजमाप नाही. पण पहिल्याला आपण कलावंत म्हणतो आणि दुसऱ्याच्या दुकानासमोर गाडी उभी करून, काच खाली न करता, हॉर्न वाजवतो.

मी या दोघांना एका तागडीत तोलत नाही. संगीत हे संगीत आहे. माझं म्हणणं एवढंच, की ऐकण्याची कमाई दोघांची सारखीच कष्टाची आहे, आणि मान मात्र आपण कपड्यांचा रंग बघून देतो.

टोमणा आणि लाज

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यातल्या शिक्षणाच्या आणि नोकऱ्यांच्या आकड्यांची खूप चर्चा झाली. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती: मुसलमान कामगार पगारी नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहेत, आणि वाहनदुरुस्ती हा त्यांच्या मोठ्या उपस्थितीच्या व्यवसायांपैकी एक आहे. दारं बंद असलेल्या समाजाने जे दार उघडं सापडलं तिथे प्रवेश केला. पाना हातात घ्यायला जातीचा दाखला लागत नव्हता, ओळख लागत नव्हती. लागत होता फक्त एक उस्ताद.

याच गोष्टीचा आज टोमणा झाला आहे. कुठल्याही वादात, विषय काहीही असो, ‘जा, पंक्चर काढ’ हे वाक्य येतंच. म्हणणाऱ्याची गाडी रात्री बाराला हायवेवर बंद पडली, तर तो कोणाचा नंबर शोधतो, हे मी विचारणार नाही. तो प्रश्न फार सोपा आहे. मला त्रास होतो तो आपल्या उत्तराचा. टोमण्याला उत्तर म्हणून आपण लगेच डॉक्टर, कलेक्टर, शास्त्रज्ञ झालेल्या मुसलमानांची यादी काढतो. म्हणजे आपणही मान्य करतो की पंक्चर काढणं, इंजिन उघडणं हे लाजेचं काम आहे आणि आपण त्यातून ‘वर’ आलो आहोत.

जलशांत आणि व्याख्यानांत आपण अल-जझरीचं नाव अभिमानाने घेतो. १२०६ साली त्याने यंत्रांवर ग्रंथ लिहिला. फिरत्या गतीचं पुढे-मागे होणाऱ्या गतीत रूपांतर करणारा क्रँक वापरून त्याने पाणी उपसण्याचा पंप दाखवला. आजच्या इंजिनात तीच गोष्ट उलट दिशेने होते. पिस्टन पुढे-मागे होतो आणि क्रँकशाफ्ट फिरतो. अल-जझरी स्वतः कारागीर होता. हातांनी यंत्रं बनवणारा माणूस. तो आज आपल्या मोहल्ल्यात असता आणि त्याने मुलीला मागणी घातली असती, तर ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नावर घरात काय चेहरे झाले असते? आठशे वर्षांपूर्वीच्या मिस्त्रीचा अभिमान आणि आजच्या मिस्त्रीची लाज, दोन्ही एकाच घरात कसे नांदतात?

ऐब लपवू नये

मिस्त्रींची बाजू घेतली म्हणून त्यांच्या खोडी झाकायचं कारण नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात आवाज दाबण्याच्या युक्त्या असतात, आणि त्या करणारे हात गॅरेजमधलेच असतात. ठोकणाऱ्या इंजिनात घट्ट ऑइल घालून ते दोन आठवडे गप्प केलं जातं. रडणाऱ्या गिअरबॉक्सचंही असंच तोंड बांधलं जातं. गिऱ्हाईक गाडी घेऊन जातं आणि महिन्याने रडत बसतं.

व्यापारात मालाचा ऐब लपवणं आपल्या दीनमध्ये किती गंभीर मानलं आहे, हे मदरशातलं पोरही सांगेल. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांची हकीकत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. इंजिनातलं घट्ट ऑइल ही आजची ओली रास आहे. मिस्त्रीच्या कानाला जर मान हवा असेल, तर त्या कानाने ऐकलेलं तोंडाने सांगितलंच पाहिजे. विकणाऱ्याचे पैसे घेतले असले तरी.

दुसरी खोड अज्ञानाची आहे. प्रत्येक गाडीत एकच जाड ऑइल ओतायचं, ही सवय जुन्या इंजिनांबरोबर जायला हवी होती. गिअरबॉक्सच्या तेलाचंही तेच. जीएल-४ सांगितलेल्या बॉक्समध्ये जीएल-५ घातलं, तर त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात. हे कानाला कळत नाही, ते वाचावं लागतं. आणि वाचायची सवय नाही, कारण पोरगं आठवीतून उचलून गॅरेजवर बसवलेलं असतं. इथे आपल्याला स्पष्ट बोललं पाहिजे. शागिर्दीची परंपरा सुंदर आहे म्हणून बारा वर्षांच्या मुलाच्या हातात पाना देणं सुंदर होत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामावर ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते चूकच होतं. आठवीत सुटलेल्या पोराला कान मिळतो, पण दहावी लागणाऱ्या आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या दारात तो उभा राहू शकत नाही.

मग करायचं काय?

तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात, आणि तिन्हीसाठी सरकारची वाट बघावी लागत नाही.

पहिली गाडीमालकांसाठी. पार्टचं बिल विचारण्याआधी निदानाचे पैसे द्यायला शिका. “आवाज शोधून द्या, त्याचे वेगळे पैसे देतो, काम कुठे करायचं ते नंतर ठरवू,” असं एकदा म्हणून बघा. डॉक्टरांची फी आपण औषधांच्या बिलात लपवत नाही. मिस्त्रीला ऐकण्याचे पैसे मिळू लागले, तर उगाच पार्ट बदलण्याचा त्याचा मोह कमी होईल, आणि सर्व्हिस सेंटरचाही होईल. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० वरून ५००० रुपये झालं, वर हरित कर आहेच. ज्याला नवी गाडी परवडत नाही, त्याची जुनी गाडी आणखी पाच वर्षं नीट चालणं ही चैन नाही, गरज आहे. ती गरज योग्य निदानावर उभी आहे.

दुसरी मिस्त्रींसाठी. हुनर कागदावर आणा. २०१५ पासूनच्या पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आधी शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवली गेली. तिची माहिती मशिदीच्या फलकावर लावायला काय हरकत आहे? आणि एक वही ठेवा. गाडी कुठली, आवाज कधी येत होता, काय निघालं. वीस वर्षांचे उस्ताद वारले की वीस वर्षांचे आवाज त्यांच्याबरोबर कबरीत जातात. वही असली तर शागिर्दाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

तिसरी समाजातल्या शिकलेल्यांसाठी, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांसाठी. विजेच्या गाड्या येताहेत. त्यांत टॅपेट नाहीत, सायलेन्सर नाही, क्लच नाही. ऐकण्यासारखं निम्मं जग बंद होणार आहे. पण चाकांची बेअरिंग राहतील, ड्राइव्ह शाफ्ट राहतील, मोटरची बेअरिंग राहतील, गिअर राहतील. आणि इंजिनचा गोंगाट गेल्यावर त्यांचा आवाज जास्तच उघडा पडेल. ज्याच्याकडे कान आहे त्याला विजेचं शिक्षण दिलं तर तो या नव्या धंद्यात पहिल्या रांगेत बसेल. नाही दिलं, तर तो रस्त्याच्या कडेला खरोखरच फक्त पंक्चर काढत बसेल आणि टोमणा मारणारे खरे ठरतील. आपल्या ट्रस्ट, संस्था, तालीम कमिट्या दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार करतात. त्याच पैशांतून शहरातल्या दहा मिस्त्रींना उच्च दाबाच्या बॅटरीची सुरक्षितता आणि मोटर-कंट्रोलर शिकवणारा एक वर्ग चालवता येणार नाही का? संध्याकाळी, गॅरेज बंद झाल्यावर. शिकवायला आपलेच इंजिनिअर झालेले मुलगे-मुली आहेत. त्यांनी तिथे जाऊन शिकवावं, आणि निघताना एखादं बेअरिंग कसं ऐकतात ते शिकूनही यावं.